मागच्याला दिसतंय का?

बाबांची जुनी हॅचबॅक एकदाची आपल्या हातात आली की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी सीट कव्हर, मग साउंड, मग लाइट्स. लाइट्स म्हणजे अर्थातच पुढचे, कारण ते आपल्याला दिसतात. मागच्या लाइट्सचा नंबर लागतो तो फक्त लूकसाठी. कुणी काळी फिल्म चिकटवून टेललाइट ‘स्मोक्ड’ करतं, कुणी ब्रेक मारल्यावर चमचम करणारा एलईडी ऑनलाइन मागवतं. आणि या सगळ्या थाटात डाव्या बाजूचा ब्रेक लाइटचा बल्ब चार महिन्यांपूर्वीच गेलेला असतो. हे मालक सोडून सगळ्यांना माहीत असतं.

मॉडिफिकेशनच्या हौसेला नावं ठेवायची नाहीत. पोरं गाडीवर जीव टाकतात, त्या नादात चार गोष्टी शिकतात, वायरिंग समजून घेतात, चांगलंच आहे. पण गाडीत बाकीचे पार्ट आपल्यासाठी असतात आणि टेललाइट पूर्णपणे दुसऱ्यासाठी असतो. तो कसा दिसायला हवा, हे मागून येणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवायचं. रीलवर किती भारी दिसतो, त्यावरून नाही.

आता जरा बल्बकडेच बघू. बऱ्याचशा जुन्या गाड्यांत मागे जो बल्ब असतो त्यावर ‘पी २१/५ डब्ल्यू’ असं काहीतरी छापलेलं असतं. एकाच काचेत दोन फिलामेंट. ५ वॅटची रात्रभर मंद जळणारी टेललाइटची आणि २१ वॅटची ब्रेकची. या दोन आकड्यांतच सगळी गंमत आहे. मागचा ड्रायव्हर नुसता लाल रंग बघत नसतो, तो मंद लालचा एकदम झगझगीत लाल झालेला बघतो. ती उडी दिसली की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. उडी दिसली नाही, तर लाइट लागलेला असूनही त्याला काहीच कळत नाही.

म्हणूनच हा बल्ब फसवतो. ब्रेकची फिलामेंट तुटली तरी टेललाइटची जळत राहते. रात्री गाडी लावून तुम्ही मागे नजर टाकता, लाल दिसतं, तुम्ही निवांत. बल्ब अर्धा मेलाय हे कळायला ब्रेकवर पाय असताना मागे उभं राहावं लागतं, आणि ते एकट्याला जमत नाही.

बरं, तपासणारं दुसरं कुणी आहे का? पीयूसीवाला धूर बघतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यामुळे तोपर्यंत आरटीओत फिटनेससाठी जावं लागत नाही. सर्व्हिसिंगला सांगितलं तर बघतात, नाही सांगितलं तर गाडी धुऊन देतात. म्हणजे वर्षानुवर्षं या लाइटकडे कुणीही बघत नाही, बघतो फक्त मागून ऐंशीच्या स्पीडने येणारा एक अनोळखी माणूस.

आता एलईडी. ‘एलईडी टाकला की झालं अपग्रेड’ हे वाक्य अर्धं खरं आहे. खरा भाग आधी. फिलामेंट तापून पूर्ण उजळायला एलईडीपेक्षा साधारण ०.२ सेकंद जास्त घेते. ऐकायला हे काहीच नाही. पण ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे तेवढ्यात साडेपाच मीटर, एका अख्ख्या हॅचबॅकच्या लांबीहून जास्त. मागच्याला तेवढं अंतर फुकटात मिळत असेल तर कोण नको म्हणेल? ज्या गाड्यांत कंपनीनेच एलईडी टेललाइट दिलाय त्यांच्याबद्दल म्हणूनच काही तक्रार नाही. तिथे आतला आरसा आणि बाहेरची काच एलईडीसाठीच बनवलेली असते.

गडबड होते ती जुन्या होल्डरमध्ये नवा एलईडी कोंबल्यावर. आतला चकचकीत रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेचा हिशोब करून बनवलेला असतो. प्रकाश बरोबर त्या ठिकाणाहून निघाला, तरच तो सगळीकडे नीट पसरतो. स्वस्त एलईडी बल्बला चारी बाजूंना चिप्स असतात आणि प्रकाश भलतीकडे जातो. सरळ मागून बघितलं तर डोळे दिपतात, बाजूच्या लेनमधून बघितलं तर नुसता लाल ठिपका. त्यात पांढरा एलईडी लाल काचेमागे लावला तर आणखी वाया. त्या प्रकाशात लाल भागच कमी, बाकीचा काच खाऊन टाकते. लाल काचेमागे लालच एलईडी हवा, हे दुकानदाराने सांगायला पाहिजे, पण गिऱ्हाइकाला ‘व्हाइट’ हवा असतो आणि तो देऊन मोकळा होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे यातल्या कित्येक बल्बांत टेल आणि ब्रेक यांच्यात फरकच धड दिसत नाही. दोन्ही सारखेच भगभगीत. विचार करा, २१ आणि ५ ची ती उडी घालवून आपण मिळवलं काय? उजेड. मागच्याला उजेड नको होता, त्याला बातमी हवी होती.

(इंडिकेटरमध्ये एलईडी टाकला की तो टकटकटक असा वेड्यासारखा पळायला लागतो, कारण रिले समजतो की बल्ब उडालाय. त्यावर उपाय म्हणून जो रेझिस्टर जोडतात तो चांगलाच तापतो. तो प्लॅस्टिकला चिकटवून ठेवणाऱ्या महाभागांना लांबूनच नमस्कार.)

चमचम करणाऱ्या ब्रेक लाइटवाल्यांचं म्हणणं असतं, ‘अरे, पण लक्ष तर जातं ना!’ जातं, सुरुवातीला. यावर एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये जॉन वोव्होडस्की या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे मधोमध तिसरा ब्रेक लाइट लावून बघितला. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका जवळपास ६० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून तिथे नव्या कारना तो सक्तीचा झाला. आपल्या गाड्यांच्या मागच्या काचेत दिसतो तोच हा लाइट. पण सगळ्यांकडे आल्यावर काय झालं? तिथल्याच सरकारी संस्थेने १९९८ मध्ये हिशोब मांडला तेव्हा फायदा उरला होता ४ टक्क्यांच्या आसपास. लाइट स्वस्त असल्यामुळे तेवढाही परवडतो, तो ठेवलाच पाहिजे. पण नवलाईचा भाग डोळ्यांनी गिळून टाकला. तुमच्या चमचमीचंही तेच होणार. वर ती इंडिकेटर आहे, हझार्ड आहे की ब्रेक, हा नवा गोंधळ. पावसाळ्यात लोणावळ्याला जाताना हझार्ड लावून चालणारी रांग बघितलीय ना? कोण थांबतंय, कोण वळतंय, काही पत्ता लागत नाही.

आणि काळी फिल्म. हिच्याबद्दल मी जरा कडकच बोलणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ऊस हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रात्री गाडी चालवलेल्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. रस्त्याकडेला उभी असलेली, मागे एकही दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर उगवते. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्याला १५५ मीटर म्हणजे सात सेकंद. तोच दिवा ३० मीटरवर आल्यावर दिसला तर हातात दीड सेकंदही नाही. तेवढा वेळ तर ‘अरे, समोर काहीतरी आहे’ हे कळून पाय हलेपर्यंतच जातो. आपण त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या घालतो, आणि मग पैसे देऊन आपल्या चांगल्या दिव्यावर काळा कागद लावून घेतो.

हे सगळं काल्पनिक वाटत असेल तर, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा होता मागून धडकेचा, साधारण पाचातला एक. या सगळ्या धडका दिव्यांमुळे झाल्या असं अजिबात नाही. स्पीड, झोप, फोन, सगळंच त्यात आलं. पण यातली दिवा ही एकच गोष्ट अशी आहे की जी शनिवारी दुपारी दहा मिनिटांत दुरुस्त होते.

कशी, ते सांगून टाकतो. डिकी उघडा, लाइटचे एक-दोन स्क्रू काढा, होल्डर फिरवून बाहेर घ्या, बल्ब थंड असल्याची खात्री करून दाबून फिरवा. तोच नंबर छापलेला नवा बल्ब आणा. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, नाहीतर कोपऱ्यावरचं कुठलंही स्पेअर पार्टचं दुकान. मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त मिळतो. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. नाही बसला तर जोर लावू नका, अर्धा फिरवून बघा. एका बाजूचा गेला असेल तर दुसरीकडचाही बदलून टाका, दोघांचं वय सारखंच असतं. नवा बल्बही मिणमिणता वाटला किंवा ब्रेक मारल्यावर भलताच दिवा पेटला, तर बहुतेक वेळा अर्थिंग खराब असतं. होल्डरमधला गंज घासून काढा, नाहीतर सरळ इलेक्ट्रिशियन गाठा. काच आतून-बाहेरून पुसायची राहिली असेल तर तीही पुसून घ्या, महिन्याभराच्या चिखलाने ती आपोआप ‘स्मोक्ड’ झालेली असते.

तपासायला मित्र नसेल तर रात्री गाडी एखाद्या भिंतीला किंवा बंद दुकानाच्या काचेला पाठमोरी लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. दोन्हीकडे सारखा लाल उजेड आणि मधला तिसरा दिवा दिसला पाहिजे.

राहता राहिला प्रश्न दुसऱ्यांच्या गाड्यांचा. आपल्याकडे स्टँड वर घ्यायचा राहिला तर अख्खा चौक ओरडून सांगतो. हेडलाइट चुकून चालू राहिला तर समोरून येणारा मूठ उघडून-मिटून दाखवतो. मागच्या दिव्यासाठी मात्र आपण अजून कुठली खूण शोधलेली नाही. ती सापडेपर्यंत सिग्नलला शेजारी थांबून, काच खाली करून सांगायचं, ‘दादा, उजवीकडचा ब्रेक लाइट गेलाय.’