आधी चित्र, मग सूत्र

गती आणि बल या पाठावरचे उदाहरण फळ्यावर लिहिले की वर्गातून लगेच प्रश्न येतो, "सर, कोणते सूत्र लावायचे?" उदाहरण पुरते वाचून व्हायच्या आधीच तो येतो. माझ्या मते हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो.

एक साधे उदाहरण घ्या. ५ किलोग्रॅमची पेटी जमिनीवर सरकत आहे. तिला ३० न्यूटन बलाने पुढे ढकलले जात आहे. घर्षणाचे बल १० न्यूटन आहे. पेटीचे त्वरण किती? बरीच मुले ३० ला ५ ने भागतात आणि ६ लिहून मोकळी होतात. सूत्र बरोबर, भागाकार बरोबर, उत्तर मात्र चूक! का? कारण त्यांनी पेटी पाहिलीच नाही. कागदावर पेटीचा चौकोन काढा. पुढे ढकलणाऱ्या बलाचा एक बाण काढा आणि मागे खेचणाऱ्या घर्षणाचा दुसरा. आता डोळ्यांनाच दिसते की पुढे नेणारे बल २० न्यूटनच उरते. म्हणून त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. उर्दूत आपण क़ुव्वत म्हणतो, मराठीत बल म्हणतो. शब्द बदलतो, पण बाणाची दिशा बदलत नाही.

सूत्रे काही आकाशातून पडलेली नाहीत. गॅलिलिओने उतारावरून गोळा सोडून त्याची गती पुन्हा पुन्हा पाहिली. त्याच्याकडे सेकंद अचूक मोजणारे घड्याळ नव्हते. म्हणून भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलून त्याने वेळ मोजला. १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात या प्रयोगाचे वर्णन आहे. आधी घटना, मग मोजमाप आणि शेवटी नियम, हा त्याचा क्रम होता. आपण मात्र उलट्या बाजूने सुरुवात करतो.

कोणी म्हणेल, "परीक्षेत चित्र काढायला वेळ कोठे असतो?" चित्राला अर्धा मिनिट पुरतो. उलट, गाइडमधले उदाहरण पाठ करण्यात संध्याकाळ जाते आणि प्रश्नाची भाषा जराशी बदलली की ते पाठांतर उपयोगी पडत नाही.

उत्तर आल्यावरही एक काम उरते. ते उत्तर पटते का, हे स्वतःला विचारायचे. समजा, एक बस ताशी ३६ किलोमीटर वेगाने येत आहे. ब्रेक दाबल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद याप्रमाणे कमी होतो. बस किती अंतरावर थांबेल? घाईत ३६ हाच आकडा सूत्रात घातला तर उत्तर १२९.६ मीटर येते. शहरातली सावकाश चालणारी बस थांबायला एवढा रस्ता घेईल का? मग चूक सापडते: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. खरे उत्तर १० मीटर आहे.

आता वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. अंतर २० मीटर होईल असे वाटते ना? गणित करून पाहा. ते ४० मीटर येते. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. शिवाय चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत बस जेवढी पुढे येते, ते अंतर वेगळेच.

शाळा सुटल्यावर धावत रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना पाहिले की मला हे उदाहरण आठवते. वहीत त्याला दोन-तीन गुण असतील. रस्त्यावर त्याची किंमत गुणांत मोजता येत नाही. ज्याने फक्त सूत्र पाठ केले, त्याला गुण मिळतीलही. पण ज्याने ती बस मनाच्या डोळ्यांनी पाहिली, तो रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबेल. माझ्या मते उदाहरण खरे सुटले ते त्याचेच.