थांबा, एक फोन करते

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर, एका शनिवारी दुपारी, माझ्या चाचांनी चार लाख ऐंशी हजार रुपये एका चोराला आरटीजीएसने पाठवले. स्वतःच्या हाताने, सगळे नियम पाळून. ओटीपी कुणाला सांगितला नव्हता, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं.

चाचांचा इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा आहे. चोवीस माग, दोन पाळ्या, नऊ-दहा कामगार. सूत गेली अकरा वर्षं एकाच व्यापाऱ्याकडून येतं. त्या व्यापाऱ्याच्या नावाने ईमेल आला: ऑडिटमुळे जुनं खातं काही दिवस बंद आहे, या वेळचे पैसे बिलावर दिलेल्या खात्यावर पाठवावेत. सोबत जोडलेलं बिल बरोबर होतं. सुताचा काउंट, गोण्यांची संख्या, जीएसटी क्रमांक, रक्कम, कशातच चूक नव्हती. फक्त तळाचा खाते क्रमांक बदललेला, आणि ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. व्यापाऱ्याची मेलपेटी कुणीतरी कित्येक दिवस गुपचूप वाचत बसलं होतं.

चाचांकडे हिशेब माझी भाभी, म्हणजे त्यांची सून बघते. बी.कॉम. झालेली आहे. आयएफएससी कोड पाहून तिला शंका आली. व्यापारी इथला आणि शाखा परराज्यातली कशी? ती म्हणाली, "अब्बा, एकदा फोन करून विचारूया का?" चाचा म्हणाले, "अकरा वर्षांचा व्यवहार आहे. विचारलं तर त्याला वाटेल, आपण पैसे लांबवतोय." भाभी गप्प बसली. त्या पैशांत कामगारांच्या बोनसची निम्मी रक्कम होती.

मी स्वतः लहान धंदेवाल्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. बेकरी, गॅरेज, भंगाराची वखार, उमऱ्याला लोक पाठवणारे एक टूरवाले, असे माझे ग्राहक. सायबर धोक्यांचा विषय निघाला की सगळे एकच विचारतात, "कुठला अँटिव्हायरस घेऊ?" घ्या, जरूर घ्या. पण चाचांच्या कॉम्प्युटरवरही तो होताच. त्या दिवशी चार लाख ऐंशी हजार वाचवू शकणारी त्या ऑफिसात एकच गोष्ट होती, भाभीची शंका, आणि तिला व्यवहार थांबवण्याचा हक्क नव्हता. आपल्या धंद्यांची सायबर तयारी या हक्कापासून सुरू व्हायला हवी, असं माझं मत आहे.

संकट किती वाढलंय? सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. बड्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी खाती, वेगळी माणसं असतात. आपल्याकडे एक मोबाइल असतो, त्यातच फोनपे, त्यातच मेल, त्यातच आधारचे फोटो, आणि त्याचा पॅटर्न दुकानातल्या पोरालाही माहीत असतो.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरून. तुम्ही वर नाव कुठलंही लिहा, ते जुळतं का हे पाहिलं जात नसे. रिझर्व्ह बँकेने आता बँकांना सांगितलं, की पैसे पाठवण्याआधी त्या खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा. म्हणजे चाचांच्या वेळी ती नव्हती. आज ती असेल तर वापरा, नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा. आणि नाव जुळलं तरी खातं बदलल्याचा निरोप आला की फोन करायचाच. फोन त्या ईमेलमधल्या नंबरवर करायचा नाही. आपल्या वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवर करायचा. यासाठी एक पैसा खर्च नाही. तरीही हे सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला विचारणं म्हणजे संशय घेणं वाटतं.

जुन्या बाजारपेठेला तसं वाटत नव्हतं. शाहजोग हुंडी बाजारात पत असलेल्या माणसालाच चुकती करायची, समोरचा कोण आहे याची खात्री करून घ्यायची, हा हुंडीवाल्यांचा नियम होता. हुंडी हरवली तर दुसरी प्रत काढत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. ती माणसं एकमेकांवर संशय घेत नव्हती, रिवाज पाळत होती. आपण कागदावरून मोबाइलवर आलो आणि तेवढा रिवाज मागे टाकून आलो.

चाचांची खरी चूक मला त्यानंतरच्या दिवसांत दिसते. गुरुवारी व्यापाऱ्याचा पैशांसाठी फोन आला, तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. त्यानंतर चाचा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. बाजारात कळलं तर उधारीवर सूत कोण देईल? बिरादरीत लोक हसतील. आणि पोलीस ठाण्यात आपलं नाव कशाला? हा शेवटचा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत किती खोल बसलाय, हे वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. फिर्यादी म्हणून जाणारा माणूसही ठाण्याच्या दारात आरोपीसारखा उभा राहतो. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीचा फायदा घेणारा चोर मात्र पक्का हिशेबी असतो. पैसे त्याच शनिवारी संध्याकाळी एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात गेले होते. आम्ही तक्रार केली तोवर साखळीतल्या एका खात्यात एकतीस हजार शिल्लक सापडले. ते गोठवले गेले आणि अजून कोर्टाच्या कागदांत आहेत.

१९३० हा नंबर त्यासाठीच आहे. फसवणूक लक्षात आली की त्या क्षणी तो फिरवायचा. तिथे नोंद झाली की पैसे ज्या ज्या बँकांत गेले तिथे निरोप जातो आणि शिल्लक रक्कम रोखली जाते. पहिल्या तासा-दोन तासांतला फोन आणि आठवड्यानंतरचा फोन यात फार मोठं अंतर असतं. हा फोन घरूनच करायचा आहे. सोबत बँकेलाही लेखी कळवायचं. माझ्या प्रत्येक ग्राहकाच्या टेबलाच्या काचेखाली मी आता हा नंबर ठेवायला लावते. पण नंबरापेक्षा, "माझ्याकडून चूक झाली" असं दहा मिनिटांत सांगता येईल असं वातावरण दुकानात आहे का, हे मी आधी बघते. ज्या दुकानात चुकीला शिव्या मिळतात, तिथला नोकर चूक लपवतो.

उलट्या बाजूचा त्रासही आहे, आणि तो निर्दोष दुकानदारांना होतो. माझ्या ओळखीच्या एका मोबाइल दुकानदाराचं खातं एके सकाळी अचानक गोठलं. कारण, कुणा गिऱ्हाइकाने स्कॅन करून दिलेले तीन हजार रुपये कुठल्यातरी लांबच्या फसवणुकीच्या साखळीतले निघाले. तीन हजारांसाठी पूर्ण खातं बंद. वादातल्या रकमेपुरतंच खातं रोखावं, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना बजावलं होतं. पण दुकानदाराला कोर्टाचा निकाल तोंडपाठ नसतो, आणि महिनाअखेर पगार द्यायचे असतात. त्याला वाचवलं ते बिलबुकाने. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, विकलेल्या फोनचा आयएमईआय, सगळं होतं. म्हणून मी सांगते, स्कॅनरवरचे पैसे एका खात्यात घ्या, धंद्याची मुख्य रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा, आणि दोन हजारांच्या विक्रीलाही बिल फाडा. आपले लोक बिल टाळतात ते कराच्या भीतीने. इथे बिलच तुमची साक्ष असते.

आता तुमच्या वयाच्या मुलांशी थोडं स्पष्ट बोलते. "खातं दे, फिरवून परत देतो, दोन टक्के तुझे," असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतो. वडिलांच्या दुकानाचं चालू खातं असेल तर त्याला जास्त भाव, कारण त्यावर मोठ्या रकमा फिरतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, काही आपल्या कोल्हापुरातूनही. सूत्रधार देशाबाहेरचे असल्याचं सांगितलं गेलं. पुण्याच्या न्यायालयात २०२३ मध्ये शिक्षा मात्र इथल्या ११ जणांना झाली, त्यांतले बरेचसे कमिशनसाठी एटीएमसमोर उभे राहिलेले. साखळीत सगळ्यात स्वस्त माणूस सगळ्यात आधी सापडतो. त्यात आपलं आडनाव असलं की पुढे वर्तमानपत्रात काय होतं, तेही तुम्हाला माहीत आहे.

हिशेबाच्या डेटाबद्दल एक किस्सा सांगण्यासारखा आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंद जगभरातल्या सगळ्या सर्व्हरवरून पुसली गेली होती, एक सोडून. तो घानाच्या ऑफिसातला सर्व्हर होता, आणि तो वाचला कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगने कुणाचं भलं केल्याचं इचलकरंजीवाल्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं असेल. सांगायचं इतकंच, की वायरीला जोडलेली प्रत वायरीतून आलेल्या संकटात जाते. दर शनिवारी टॅलीचा डेटा एका हार्ड डिस्कवर घ्या, डिस्क काढा आणि घरी कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा ती उघडतेय का बघा, कारण न उघडणारा बॅकअप मी तीन ठिकाणी पाहिलाय. आणि सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी वापरू नका. ती टाकणारा पोरगा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, एवढ्यावरून तरी ओळखा.

उमऱ्याच्या टूरवाल्यांचं राहिलं. त्यांच्या व्हॉट्सॲपवर शेकडो लोकांचे पासपोर्ट पडून असतात, चार वर्षांपूर्वीचेसुद्धा. आमच्यात पैसा-दागिना अमानत ठेवला तर लोक जिवापाड जपतात. कागदाचा फोटो अमानत आहे हे अजून डोक्यात शिरलेलं नाही. मी म्हटलं, प्रवास झाला की पुसून टाका. ते म्हणाले, "पुढच्या वेळी लागतील." आमचा वाद अजून चालू आहे.

चाचांकडे आता दोन बदल झालेत. पन्नास हजारांच्या वरचं कुठलंही पेमेंट दोघांच्या मंजुरीशिवाय जात नाही; बँकेत तशी सोय असते, मागावी लागते. पहिली नोंद चाचांचा मुलगा करतो, दुसरी मंजुरी भाभीच्या मोबाइलवर जाते. त्यावरून घरात बरंच झालं. सुनेच्या हातात सासऱ्याचं खातं, हे चाचींनाच आधी पटलं नाही.

गेल्या महिन्यात एका सायझिंगवाल्याचा खातं बदलल्याचा मेसेज आला. भाभी म्हणाली, "थांबा, एक फोन करते." तो नमाजला गेला होता, फोन उचलेना. चाचा खुर्चीत पाय हलवत बसले, दोनदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. वीस मिनिटांनी त्याचा उलट फोन आला. खातं खरंच बदललं होतं. "विचारलंत ते बरं केलंत," तो म्हणाला, आणि जाता जाता त्याने आमच्याकडचा खाते क्रमांकही पुन्हा एकदा वाचून घेतला.