सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला, म्हणजे नेमकं काय आलं?

पक्षाघाताच्या, म्हणजे लकव्याच्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “डॉक्टर, नॉर्मल आहे ना?” ‘हो’ म्हटलं की चेहरे उजळतात. कुणी तर लगेच विचारतं, “मग घरी नेऊ का?” माझं स्पष्ट मत आहे की लकव्याच्या पहिल्या काही तासांत आम्ही डॉक्टरांनी हा ‘नॉर्मल’ शब्द वापरूच नये. तो खोटा नसतो, पण ऐकणाऱ्याला भलतंच सांगून जातो.

सीटीमध्ये एखादी गोष्ट क्ष-किरण जितके जास्त अडवते, तितकी ती पांढरी दिसते. या मोजमापाला हाउन्सफिल्ड यांचं नाव आहे. सीटीच्या शोधासाठी त्यांना आणि कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल मिळालं. या मापात पाणी ०, हवा उणे १०००, मेंदू साधारण २५ ते ४० आणि ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०. म्हणून करड्या मेंदूत ताजा रक्तस्राव पांढराशुभ्र उठून दिसतो. अनेकांना वाटतं की हे रक्तातल्या लोहामुळे होतं. खरं कारण हिमोग्लोबिनमधलं प्रथिन. गुठळी आकसते, तिच्यातला पातळ भाग बाहेर पडतो आणि प्रथिन दाटतं. त्यामुळेच हिमोग्लोबिन फारच कमी असलेल्या रुग्णात ताजं रक्तही फिकं दिसू शकतं.

आता लकव्याकडे. मेंदूची रक्तवाहिनी फुटते किंवा गुठळीने तुंबते. फुटली तर रक्त सीटीवर जवळजवळ लगेच दिसतं. तुंबली तर पहिल्या काही तासांत मेंदू बहुधा जसाच्या तसा दिसतो. कधी कधी तुंबलेल्या धमनीत गुठळीचीच पांढरी रेघ दिसते, पण ती दिसली नाही म्हणून गुठळी नाही असं होत नाही. तातडीचा साधा सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी असतो, कारण रक्तस्राव असताना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर जीवावर बेतेल. म्हणजे तोंड वाकडं, हात लुळा आणि सीटी ‘नॉर्मल’, तर बहुधा वाहिनी तुंबली आहे आणि आता घाई करायची आहे. घरी न्यायची ही वेळच नव्हे.

रक्ताचा हा पांढरा रंग टिकतही नाही. एक ते तीन आठवड्यांत साचलेलं रक्त मेंदूसारखंच करडं होतं, पुढे त्याहूनही काळपट. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आजोबा न्हाणीघरात घसरतात, टेंगूळ जिरतं, सगळे विसरतात. महिन्याभराने ते अडखळत चालतात, विसरायला लागतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. कवटीखाली साचलेलं रक्त करडं असेल तर ते सहज नजरेत भरत नाही. मेंदू एका बाजूला ढकलला गेलाय का, घड्या पुसल्या गेल्यात का, यावरून ओळखावं लागतं. त्यामुळे ते पडणं किरकोळ वाटलं तरी डॉक्टरांना सांगाच.

आणि फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवून निदान मागणं कृपया थांबवा. मेंदूच्या मध्यभागी दिसणारे छोटे पांढरे ठिपके बऱ्याच मोठ्या माणसांत असतात. ते कॅल्शियम असतं, रक्त नव्हे. शिरेतून डाय दिला की तर चित्रच उलटतं. डायने वाहिनी पांढरी होते आणि गुठळी तिच्यात काळपट दिसते. फुफ्फुसातली गुठळी अशीच शोधतात. मेंदूत मात्र रक्तस्राव शोधताना आधी डाय न देता स्कॅन करतात, कारण डायही पांढरा आणि रक्तही पांढरं.

‘नॉर्मल’ऐवजी मी नातेवाईकांना एवढंच सांगतो, “रक्तस्राव दिसत नाही, लकवा असू शकतो.” आणि लगेच वेळ विचारतो. ते इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी तुंबली असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते. हे तास दवाखान्यात पोहोचल्यापासून मोजत नाहीत. रुग्ण झोपेतून उठतानाच लुळा असेल, तर आदल्या रात्री तो शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ आम्हाला हवी असते.