अंडं काढलं, आता पुढचं बोला



गेल्या महिन्यात भिशीला मी हिरव्या चहाचा तिरामिसू करून नेला. अर्थातच बिनअंड्याचा. एका ज्येष्ठ बाईंनी वाटी हातात घेतली, नाव विचारलं आणि वाटी तशीच खाली ठेवली. म्हणाल्या, "मूळ अंड्याचा पदार्थ ना? मग अंडं काढलं तरी मन तिथंच गेलं की. हे भावानं अंडं खाल्ल्यासारखंच." चार जणींनी माना डोलावल्या. त्या वयानं मोठ्या, म्हणून मी गप्प बसले. पण घरी आल्यावर काही केल्या झोप लागेना, म्हणून आज लिहिते.

आधी पदार्थ समजून घेऊ. तिरामिसू काही पुरातन नाही. इटलीतल्या ट्रेव्हिसो शहरात, १९७० च्या आसपास तो रूढ झाला असं मानतात. म्हणजे माझ्याहून धाकटाच. कॉफीत बुडवलेली बिस्किटं, त्यावर मस्कारपोने नावाचं सायीचं मऊ चीज, वर कोको. यात अंडं दोन ठिकाणी असतं, क्रीममध्ये आणि बिस्किटात. कॉफी-कोकोच्या जागी जपानी हिरव्या चहाची पूड, म्हणजे माचा, घातली की माझा पदार्थ झाला. माचा म्हणजे सावलीत वाढवलेली चहाची पानं वाफवून, वाळवून, जात्यावर दळलेली पूड. आपण रोज जो चहा पितो, त्याच झाडाची.

आता त्या बाईंच्या मुद्द्याकडे येते. आपल्यापैकी किती जणींच्या फडताळात कस्टर्ड पावडरचा डबा आहे? पाहुणे आले की फ्रूट कस्टर्ड कोण करत नाही? कस्टर्ड हा मुळात अंड्याचाच पदार्थ. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पावडर काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. ती पावडर आपल्या घरांत आली, आणि आज कस्टर्ड खाताना कुणाच्या मनात अंडं येत नाही. मग माझ्याच वाटीत ते कसं आलं? कच्च्या केळ्याची पावभाजी खाताना आपण भावानं बटाटा खातो का? आल्याऐवजी सुंठ, लसणाऐवजी हिंग, हे तर आपल्या सासू-आजेसासूंनी शिकवलं. जे वर्ज्य ते बाजूला ठेवून जेवण रुचकर करणं, हीच तर जैन स्वयंपाकघराची विद्या आहे. तिला सोंग म्हणणं हा त्या बायकांचा अपमान आहे.

पण थांबा, दुसऱ्या बाजूलाही मला बोलायचं आहे. त्याच भिशीत नंतर दुकानातून आणलेला केक कापला. डब्यावर 'एगलेस' लिहिलेलं होतं, म्हणून सगळ्यांनी निर्धास्त खाल्ला. त्या बाईंनीही. कुणी विचारलं का, त्यात जिलेटिन आहे का? तो साचा, ती रवी, ती भट्टी कशाकशाला लागते? 'एगलेस' म्हणजे जैन, हा समज मला त्या वाटीपेक्षा जास्त घातक वाटतो. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तेच. मधाला हिरवा ठिपका मिळतो, कांदा-लसणाला मिळतो. तो ठिपका सरकारच्या व्याख्येनं लावलेला आहे, आपल्या व्रतानं नाही. मी वाणिज्य शाखेची. शिक्का बघून बिल पास करायचं नसतं, आतलं व्हाऊचर बघायचं असतं, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं.

हॉटेलात 'एगलेस तिरामिसू' मिळतो. विचारा, क्रीममधलं अंडं काढलं, बिस्किटातलं काढलं का? त्यात रम किंवा वाइन आहे का? परदेशी पाककृतींत हल्ली अंड्याऐवजी छोल्यांचं शिजवलेलं पाणी फेटून घालतात. ऐकायला किती निर्दोष! पण ते कच्च्या दह्याच्या चक्क्यात मिसळलं की द्विदल झालं. हे कुठलं पाकीट सांगणार आहे आपल्याला?

आणि सगळ्यात मोठी अडचण अंड्याची नाहीच, रात्रीची आहे. हा पदार्थ रात्रभर फ्रीजमध्ये मुरवतात आणि रात्रीच्या जेवणानंतर वाढतात. म्हणजे बासीही आणि रात्रिभोजनही. अंड्यावर तासभर चर्चा करणाऱ्या आम्ही, यावर एक शब्द बोललो नाही.

माझी पद्धत सांगते. मस्कारपोने घरी करता येतं, पण ते निथळायला रात्र जाते. म्हणून मी सकाळी एक लिटर ताज्या दुधाचं लिंबू पिळून पनीर करते. पाणी निथळलं की कोमट असतानाच ते वाटीभर ताजी साय आणि अर्धी वाटी पिठीसाखर घालून मिक्सरमधून अगदी मऊ फिरवते. गार झालं की त्यात एक छोटा चमचा माचा. उकळून जरा निवलेल्या कपभर पाण्यात आणखी दोन चमचे माचा आणि थोडी साखर घुसळते. पाणी कढत असेल तर चव कडू होते. घटक वाचून घेतलेली साधी, कोरडी दुधाची बिस्किटं त्यात क्षणभर बुडवायची, एक थर बिस्किटांचा, एक पनीरचा, असे दोनदा. चार तास फ्रीजमध्ये. नऊला सुरुवात केली तर तीनला तयार. वर माचा भुरभुरवायचा आणि सूर्यास्ताच्या आत संपवायचा. उरवायचा नाही, तेवढाच करायचा. ज्यांचा काही त्याग असेल, पान खाण्याविषयी शंका असेल, त्यांनी महाराज साहेबांना विचारावं. मी नियम सांगणारी कोण?

हे सगळं मी कुणासाठी करते? माझी नात पुण्याला शिकते. तिच्या मैत्रिणी कॅफेत जातात, तीही जाते. मागच्या सुट्टीत तिनं विचारलं, "आजी, आपल्यात हे चालतं का गं?" मी 'शी, ते अंड्याचं' म्हणून दार लावून घेतलं असतं, तर तिनं पुन्हा विचारलं नसतं. खाल्लं मात्र असतं. त्याऐवजी आम्ही दोघींनी ओट्याशी उभं राहून एकेक घटक तपासला. द्विदल म्हणजे काय हे तिला त्या दुपारी कळलं, पाठशाळेत कधी कळलं नव्हतं. परवा फोनवर सांगत होती, कॅफेतल्या मुलाला तिनं बिस्किटात काय आहे ते विचारलं. त्याला सांगता आलं नाही, ती नुसता चहा पिऊन आली.

मुलींना 'नाही' म्हणायला शिकवणं सोपं आहे. विचारायला शिकवणं अवघड, पण घराबाहेर तेच टिकतं.

त्या बाईंचं किंवा कुणाचंही मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. मुद्दा मात्र मागे घेत नाही. पुढच्या भिशीला वाटी पुन्हा आणीन, दुपारी तीनला.