सांगायला लाज कसली?

२०२५ची दिवाळी धाराशिव जिल्ह्यात चिखल तुडवत आली. सप्टेंबरच्या पावसाने परंडा आणि भूम तालुक्यांत नदीकाठची घरे पाण्यात गेली, काढणीला आलेले सोयाबीन जागेवर कुजले. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले आणि पारापारावर एकच विषय सुरू झाला: खात्यावर पैसे कधी पडणार? त्याआधीच ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली होती. घरातला कारभारी आणि कारभारीण, दोघांचेही कान मोबाइलच्या टिंगटिंगकडे लागलेले.

भामट्यांची सुगी ती हीच.

ऑनलाइन फसलेल्या माणसाला ‘हाव नडली’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. पण अनुदान, विमा, पीएम किसानचा हप्ता यांची वाट पाहणारा माणूस लॉटरीच्या मागे लागलेला नसतो. तो हक्काच्या पैशाची वाट पाहत असतो. ‘केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद’ हा मेसेज त्याला खरा वाटतो, कारण तसे खरे मेसेजही त्याला येतच असतात.

मराठवाड्यातल्याच हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका समजून त्यांनी फाइल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच, एपीके फाइल होती, म्हणजे फोनमध्ये शिरणारे आख्खे अॅप. असे अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की ओटीपी कोणाला सांगण्याचीही गरज उरत नाही. चोर तो परस्पर वाचतो. ‘पीएम किसान’ आणि ‘आरटीओ चलन’ या नावांनीही अशा फाइली फिरतात.

दुसरी चोरी नावाची. २०२४ मध्ये खारघरच्या एका महिलेचा ‘लाडकी बहीण’चा अर्ज भरला जाईना, कारण तिचा आधार क्रमांक आधीच कोणीतरी वापरला होता. धागा साताऱ्यापर्यंत गेला. तिथल्या एका दांपत्याने वेगवेगळे आधार क्रमांक वापरून ३० अर्ज भरल्याचे उघड झाले. झेरॉक्सच्या दुकानात विसरलेली आधारची प्रत किती महाग पडू शकते, ते यावरून कळावे.

उपाय अवघड नाहीत. आधारची प्रत द्यायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. बोटांचे ठसे आधारच्या अॅपमधून लॉक करता येतात. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, ते ‘संचार साथी’वर दिसते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. राज्य सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता सहसा ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो; बँकांनीही ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

एवढे करूनही माणूस फसतो. मग तो दोन दिवस कोणाला सांगत नाही. पोरं हसतील, घरात बोलणी बसतील, गावात नाचक्की होईल, ही भीती. इकडे तो गप्प बसतो, तिकडे पैसे काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केली, तर वाटेतच रक्कम गोठवता येते. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे: ग्राहकाने चुकून स्वतःच ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून हसणारी पोरं चोराच्याच पथ्यावर पडतात.

हा दिवाळी अंक कथा-कवितांसह वाचकांच्या हाती देताना एकच विनंती. भाऊबीजेला ओवाळणी घालून झाली, की बहिणीचा मोबाइल मागून घ्यावा, त्यात १९३० हा क्रमांक जतन करावा आणि ‘काही झालं तर आधी इथं, मग मला फोन कर, मी रागावणार नाही’ एवढे तिला सांगून यावे.