सव्वीस आठवडे आणि त्यानंतर

2023 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने आठ दिवसांच्या आत एकाच गर्भासंबंधी दोन परस्परविरुद्ध आदेश दिले. दोन मुलांची आई असलेली, बाळंतपणानंतर जडलेल्या मनोविकारावर उपचार घेत असलेली एक विवाहिता तिसऱ्या गर्भातून सुटका मागत होती. मूल अंगावर पीत असल्यामुळे पाळी थांबलेलीच होती. दिवस गेल्याचे तिला फार उशिरा कळले. 9 ऑक्टोबरला तिला अनुमती मिळाली. लगोलग दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉक्टरांनी कळविले, की हा गर्भ जगण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याचे हृदय आधी बंद करावयाचे काय, ते न्यायालयाने सांगावे. तसे न केल्यास जन्माला येईल ते अतिदक्षता विभागात ठेवावे लागणारे, कदाचित जन्मभराचे पंगुत्व घेऊन आलेले बालक! 11 ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली यांनी अनुमती मागे घेतली, न्या. नागरत्ना स्त्रीच्या निर्णयावर ठाम राहिल्या. अखेर 16 ऑक्टोबरला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या त्रिसदस्य पीठाने नकार दिला. गर्भ तेव्हा सव्वीस आठवडे उलटून गेला होता.

कायद्याच्या अक्षराशी हा निर्णय सुसंगतच आहे. 1971 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन विशिष्ट स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल वा मातेचा प्राण वाचवावयाचा असेल तरच मुभा. आमचा प्रश्न त्यापुढील आहे. गर्भ जगू शकतो म्हणून स्त्रीला नाही म्हणावयाचे, तर तो जगविण्याचे दायित्व कोणाचे?

जीवनक्षमता हा काही केवळ गर्भाचा अंगभूत गुण नव्हे. सव्वीस आठवड्यांच्या बालकाची फुप्फुसे कोवळी असतात. ती उघडी ठेवणारे सरफॅक्टंट, श्वसनयंत्र आणि रात्रभर जागणारी प्रशिक्षित परिचारिका जेथे आहे तेथे ते जगू शकते. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे तेच बालक वाटेतच जाते. कायदा आठवडे मोजतो. प्रत्यक्षात मोजावे लागते ते इस्पितळाचे अंतर. काणकोणची बाळंतीण निदान बांबोळीला पोहोचते. दुर्गम जिल्ह्यांतील स्त्रीने कोठे जावे?

सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी प्रसूतीचा खर्च शासनावर टाकला आणि दत्तक देण्याचा मार्गही मोकळा ठेवला, हे योग्यच झाले. परंतु ती सवलत एका याचिकेपुरती होती. गोवा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो त्या मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्येच याहून व्यापक तत्त्व सांगितले होते: गर्भपाताच्या प्रयत्नातही मूल जिवंत जन्मले आणि आईबाप त्याचा भार घेऊ इच्छीत नसले वा घेऊ शकत नसले, तर त्याची पूर्ण जबाबदारी राज्याची. तत्त्व उत्तम आहे. मात्र तत्त्वाने पाळणाघरे उभी राहत नाहीत.

आमच्या स्मृतिग्रंथांनी भ्रूणहत्येस घोर पातक ठरविले. त्या पातकाचा उच्चार करणारे शेकड्यांनी होते. 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसलेल्या विधवांना दार उघडणारे जोतीराव आणि सावित्रीबाई मात्र विरळाच. आजही गर्भाच्या हक्कावर हिरीरीने बोलणारी मंडळी नवजात अर्भकांच्या कक्षातील खाटांविषयी चकार शब्द काढीत नाहीत. 2020 साली जगात सर्वाधिक अकाली प्रसूती भारतात झाल्या, सुमारे 30 लाख. त्यांतील बहुतेक मुले हवीहवीशीच होती, हे ध्यानात घ्यावे.

उपाय सारेच महागडे आहेत असेही नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकास आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत बोगोटात 1978 साली यंत्रांच्या तुटवड्यातूनच निघाली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातील बायकांना शिकवून घरीच अर्भके वाचविली. दुसरीकडे स्त्री उशिरा येते याचे कारणही पाहावे लागेल: व्यंग दाखविणारी सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत होते, आणि तिचा अहवाल हाती येऊन मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळेपर्यंत कायद्याने दिलेली मुदत सरत आलेली असते. वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, असे 2021 चे नियम सांगतात. गोव्यात हे पाळले जाते काय, आणि मुदत टळल्याने जन्मास येणाऱ्या बालकांसाठी अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम ठेवली आहे, याचे उत्तर आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेच्या येत्या अधिवेशनात द्यावे.