शस्त्रक्रियेआधीचे चार प्रश्न

हृदयशस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात वृद्ध रुग्ण बरळतो, नळ्या ओढतो, लेकीलाही ओळखत नाही. हा निव्वळ भुलीचा परिणाम, आधी कळणे अशक्य, हे म्हणणे टिकत नाही. बॉस्टनच्या संशोधकांनी २००९ साली मांडलेला, अशा संभ्रमाचा आधीच अंदाज बांधणारा नियम चारच गोष्टी पाहतो: पूर्वीचा पक्षाघात, रक्तातील अल्ब्युमिन, ३० गुणांची स्मरण-आकलन चाचणी आणि नैराश्याची प्रश्नावली. शेवटची गाळणे ही मोठी चूक. स्मरण-आकलनाची चाचणी मात्र मराठीतूनच हवी. विलेपार्ल्यातील एखाद्या आजींना तारीख सांगता आली नाही, पण ‘आज संकष्टी’ हे अचूक सांगता आले, तर गुण कापणे अन्यायाचे. धोका दिसलेल्या रुग्णाला चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत मिळावे, रात्री दिवे मंद असावेत, उशाशी घरचे माणूस बसावे.